येते म्हणून गेली

माझी बायको पुस्तकापायी मेली असं कोंडाण्यात बोलतात. तोंडावर कोणी बोलत नाही, मागं बोलतात. बोलू द्या. पण ते खरं नाही. ती पुस्तक वाचायचं बाकी ठेवून गेली, आणि मुद्दाम ठेवून गेली. त्यातला फरक मलाच कळायला इतके दिवस लागले, तर गावाला कसा कळावा.

तिचं नाव बेबी. भावांच्या पाठीवर झालेली एकटी पोर, म्हणून बेबी. साठी उलटली तरी बेबीच. नातवंडंसुद्धा बेबीआजी म्हणायची. तिची शाळा सातवी, माझी चौथी, आणि तीही मास्तरांनी कीव करून दिलेली. तेव्हा लिहिण्यात कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे कडावचे. भाताची थोडी जमीन होती ती भावाला कसायला दिली आणि कोंडाण्याच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर राखणीला आलो. बाग, पाण्याची टाकी आणि कुत्रा माझ्याकडं. शनिवार-रविवारी पाहुणे आले की स्वयंपाक बेबीकडं. बंगल्याच्या मागं आमची खोली आणि तिच्या पुढं ओटा. ओट्यावर बसलं की समोर राजमाचीचा डोंगर, खाली उल्हास नदीची घळ, आणि लांब पलीकडं घाटातली रेल्वे, एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरणारी.

पुस्तक आलं ते असंच. कोणी पाहुणी पलंगाखाली विसरून गेली. फोन येईल म्हणून ठेवून दिलं, फोन काही आला नाही. विटेसारखं जाड. बेबीनं ते कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलं. सगळा उन्हाळा ते तिथं होतं. वरचं पान तेलानं गेलं, नाव पुसलं. म्हणून त्या पुस्तकाला आमच्या घरात नाव नव्हतं. ती 'आपलं पुस्तक' म्हणायची.

मग एकदा लोणचं काढायला तिनं पुस्तक बाजूला ठेवलं, ते उघडं पडलं, आणि तिची नजर गेली. मी बागेला पाणी घालायला गेलो तेव्हा ती उभी होती. पाणी घालून आलो तरी उभीच, हातात बरणीचं फडकं तसंच.

"बसून तरी वाच," मी म्हटलं.

"हुं."

"चहा करतेस का मी करू?"

"हुं."

चहा मी केला. तिचा गार झाला, तो नंतर कुत्र्यानंही प्यायला नाही.

पुस्तकात काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक गाव असतं नदीकाठी. पण नदीत पाणी नसतं, धुकं वाहत असतं. पलीकडच्या काठाला हरवलेलं सगळं जाऊन लागतं, वस्तू, गुरं, माणसं. गावात काही बायका नावाडणी असतात, त्या धुक्यात होडी घालून हरवलेलं परत आणतात. तारिणी म्हणून एक नावाडीण. तिचा भाऊ धुक्यात गेला तो आला नाही, त्याला आणायला ती निघते. आणि इकडं धुकं दर वर्षी घाटाची एक पायरी चढत असतं. वरची पायरी बुडाली की गाव स्वतःचं नाव विसरणार. एवढीच गोष्ट. पण भाग तीन, आणि तिन्ही जाड.

मी हसायचो. म्हणायचो, धुक्यात होडी तरंगेल कशी?

"पान्यात तरंगती ती रोज बघता म्हणून खरी वाटती तुमाला," ती म्हणायची. "रोज बघितली नसती तर तीबी खोटीच म्हणला असता."

आता तिचा चेहरा सांगायला पाहिजे. हळद लागली तेव्हाचा तिचा चेहरा मी बघितलेला आहे. महेश झाला तेव्हाचाही. पण पुस्तकातून मान वर काढल्यावर जो असायचा तो दोन्हींपेक्षा वेगळा. जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसून उतरलेल्या पोरीसारखा. डोळे इथं असायचे आणि बघणं दुसरीकडं. मला बघून जरा दचकायची, मग हसायची.

"अवो, मी हितं नव्हतेच. आत्ता आले."

"कुठं गेलीवतीस?"

"नदीवर."

तेव्हा ते ऐकून मजा वाटायची. नंतर नंतर अंगावर काटा यायला लागला.

पाहुण्यांच्या जेवणाचे हाल झाले. एका शनिवारी कोंबडीच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं. एक जाडेसे साहेब होते, त्यांनी पहिल्या घासाला हाक मारली. बेबी पळी घेऊनच बाहेर आली आणि खरं ते सांगितलं, साहेब माफ करा, तारिणीची होडी फुटली, माझं ध्यान नव्हतं. साहेबांना वाटलं घरातलीच कोणी. त्यांनी विचारलं, कोणाला लागलं का. बेबी म्हणाली, तिला नाय लागलं, पण भाऊ सापडत नाय अजून. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बायकोला हळू आवाजात सांगितलं, पोरांना गप्प केलं, आणि सगळ्यांनी तो खारट रस्सा मुकाट्यानं खाल्ला. जाताना बेबीला म्हणाले, धीर सोडू नका. आम्ही खोलीत येऊन पोट धरून हसलो. हसता हसता तिला दम लागला आणि ती भिंतीला टेकली. आम्ही दोघांनीही तो हसण्याचाच दम मानला.

पानात खूण म्हणून ती काही घालायची नाही. पानाचा कोपरा दुमडायची, आणि त्याला 'कान पिरगळते' म्हणायची. ओट्यावर पाय लांब करून बसायची, कारण पाय खाली सोडले की सुजायचे. त्या थंडीत तिनं धुकं मोजायला सुरुवात केली. नदीच्या घळीतून सकाळी धुकं वर येतं आमच्याकडं. आज कुंपणाला लागलं, आज आंब्याच्या बुंध्याला आलं, असं ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. आणि संध्याकाळी पायाची सूज बघायची. बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. आधी घोट्याला होती, मग पोटरीला आली. एकदा दाबून बघत मला म्हणाली, "बघा, पायरी चढली." आणि हसली. मला नाही हसू आलं.

बुधीचं सांगायचं राहिलं. बुधी ठाकरवाडीची. डोंगरातून रानभाजी, सरपण घेऊन उतरते, आणि आमच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाही. बेबी तिला गोष्ट सांगायची. मग बुधीबरोबर आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. कर्जतच्या बाजारातून परतताना टोपल्या उतरून बसायच्या आणि विचारायच्या, तारीचा काय हाल? तारिणी म्हणायला त्यांना अवघड, म्हणून तारी. कोणाच्या सुनेची चौकशी करावी तशी चौकशी. तारीनं पलीकडच्या काठाला होडी लावली त्या दिवशी कोणी टोपली उचलायला तयार नव्हती.

वाडीच्या वरच्या अंगाला त्यांचा देव आहे, शेंदूर लावलेला दगड. एक दिवस बुधी येऊन म्हणाली, मी नवस बोलले, तारी भावाला घेऊन आली तर नारळ आणि कोंबडा.

बेबी हसायला लागली. "अगं बुधे, गोष्ट हाय ती. छापलेली."

बुधी बिडी विझवून म्हणाली, "गोष्टीतली बाय झाली म्हणून तिला कोनी देव नको का?"

बेबीचं हसू थांबलं. मग म्हणाली, कोंबडा तुझा, नारळ माझा. असा तो नवस दोघींचा झाला.

दुसरा भाग महेशनं मागवला. महेश आमचा पोरगा, खालापूरला टोलनाक्याजवळ एका हॉटेलात आहे. आमच्या बंगल्यापर्यंत कुरिअरवाला येत नाही, म्हणून पार्सल त्याच्या हॉटेलावर. मागच्या पानाचा फोटो काढून त्यानं मोबाइलवर ते शोधलं. दुसऱ्या भागानं घरात एक नवीनच खोड आणली.

आपल्यात घराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. दळण आणायला निघालं तरी येतो, मुंबईला निघालं तरी येतो. बेबी एक दिवस बाजाराला निघाली आणि दारातून म्हणाली, "जाते."

मी कुत्र्याचं भांडं घासत होतो. भांडं खाली ठेवलं. "काय बोललीस?"

"जाते म्हनलं. बाजारला."

"येते म्हण."

"नाय म्हनत."

मग तिनं सांगितलं. पुस्तकातल्या गावाची रीत आहे. काठावर खांब असतो. नावाडीण दोराचं एक टोक खांबाला बांधते, दुसरं कमरेला, आणि म्हणते येते. काठावर जे माणूस असेल ते म्हणतं ये. त्या दोन शब्दांनी गाठ बसते. मग तिला यावंच लागतं. म्हणून ज्याला येण्याची खात्री नाही त्यानं येते म्हणायचं नाही, सरळ जाते म्हणायचं, दोर बांधायचाच नाही.

"कर्जतच्या बाजारातून यायची खात्री नाय तुला?"

"आता काय सांगावं," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. मी ती परत येईपर्यंत फाटकातच उभा होतो.

त्यात तिचा हट्ट असा की कडावला माझ्या भावाकडं पूजेला गेलो तिथंही तेच. निघताना माझ्या भावजयीला म्हणाली, "जाते हं वयनी." भरलं घर गप्प झालं. भावजयीनं तिचा हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाली, आता नीट निघ. बेबी उठली, पदर सारखा केला, उंबऱ्यापाशी आली आणि पुन्हा म्हणाली, "जाते." भावजय महिनाभर बोलली नाही.

हे सगळं चाललेलं असताना तिच्या मनात लेण्याचं आलं. कोंडाण्याचं लेणं आमच्यापासून लांब नाही, मुंबईची पोरं पाठीला पिशव्या लावून जातात. आम्ही इतकी वर्षं राहून कधी गेलो नव्हतो. ती म्हणाली, पलीकडच्या काठाला डोंगरात एक दार हाय, तारी तिथं पोचलीय, मला तसं दार बघायचंय. बुधीला बरोबर घेऊन आम्ही निघालो. झाडीतली वाट, चढ फार नाही. पण निम्म्यात बेबी एका दगडावर बसली ती उठेना. ओठ जांभळासारखे झाले. बुधी सागाच्या पानानं वारा घालत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही.

मी म्हटलं, परत फिरू. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, बघून मला सांगा. नाही म्हटलं असतं तर दगडावरून हलली नसती. गेलो. दगडात कोरलेले सज्जे, मोठी कमान, आत अर्धा पडलेला स्तूप. वरून पाणी ठिबकत होतं. मी फार आत गेलो नाही. परत आलो तर तिचे डोळे मिटलेले.

"काय हाय आत?" तिनं न बघताच विचारलं.

"काळोख."

"आनि?"

"आतून गार हवा येती."

"हं," ती म्हणाली. "मग तेच."

दुसऱ्या दिवशी तिला पनवेलला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई होत्या, नीट बोलल्या. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता का, विचारलं. आला होता. त्यानंच काळजाची झडप आवळत आली आहे, ऑपरेशन करावं लागेल, थांबू नका, म्हणाल्या. बेबीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिसरा भाग आल्यावर केलं तर चालेल का. बाईंनी विचारलं, कसला तिसरा भाग? मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

येताना एसटीत मी तिला नको नको ते बोललो. माणूस मरायला टेकलंय आणि कागदाच्या होडीची चिंता. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "दुसऱ्या भागात तिला मधीच सोडलीय. धुक्यात. मी मधीच गेले तर ती माझ्यापुरती तशीच ऱ्हायली ना?" मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "तुमी वाचलेलं नाय. तुमाला नाय कळायचं." ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

तिसरा भाग दिवाळीनंतर निघणार होता. दिवाळी गेली, थंडी गेली. ज्या पुस्तकाला हसलो त्याच्यासाठी मी महेशला रोज फोन करायला लागलो. आलं का रं? तो म्हणायचा, बाबा, त्यांनी छापलंच नाय अजून. मी म्हणायचो, मग बसून करतात काय? गोळ्या चालू होत्या. पण सूज गुडघ्याला आली होती, आणि ती आता आडवी झोपायची नाही, उशा लावून बसूनच झोपायची. होळी झाल्यावर फोन आला, बाबा, आलं.

मी स्वतः खालापूरला गेलो. हॉटेलात ट्रकवाल्यांची गर्दी होती. महेशनं गल्ल्याखालून पार्सल काढून दिलं आणि मला चहा दिला. उभ्यानंच विचारलं, "आईचं वाचून होईस्तवर थांबायचं का आपन?" मी म्हटलं, "तू सांग तिला जाऊन." त्याला आई माहीत होती. परत येताना ते पार्सल माझ्या मांडीवर होतं. मनात आलं, पळसदरीला उतरून कुठंतरी टाकावं. मग वाटलं, हेच तर तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेणार आहे. छातीशी धरून आणलं.

मला वाटलं आठवड्यात संपेल. पहिले दोन भाग तिनं तहानलेल्या गुरानं पाणी प्यावं तसे वाचले होते. पण तिसरा भाग ती चिमणीसारखा टिपायला लागली. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, डोंगराकडं बघायचं. मी म्हणायचो, वाच की भरभर. ती म्हणायची, भरभर कुठं जायचंय?

बुधीनं मला फाटकाशी गाठलं. "दादा, ती पुरवून पुरवून वाचती," ती म्हणाली. "भाकर कमी असली की आमी पोरांना तोडून देतो ना, तशी."

मला ते आधीच दिसलं होतं. फक्त कोणी बोललं नव्हतं. पण खरं सांगतो, त्या दिवसांत ती जितकी सुखात होती तितकी मी तिला कधी बघितली नाही. दम लागायचा, दोन वाक्यं सलग बोलता यायची नाहीत, आणि तरी गाल लाल व्हायचे, मध्येच मांडीवर थाप मारायची, एकटीच 'अगं बाय' म्हणायची. पुस्तकातल्या कोणाला तरी शिव्या घालायची. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून लसूण सोलायचो. जी जागा तिला मिळाली होती तिथं मला घेतलेलं नव्हतं. पण तिथून येणारा उजेड तिच्या तोंडावर पडायचा, तो मला दिसायचा.

कैऱ्या धरल्या आणि एक दिवस तीच म्हणाली, "चला, तारीख घ्या."

"संपलं?"

"नाय. शेवटचं ठेवलंय." तिनं दाखवलं. पानाचा कान पिरगळलेला, आणि त्यापुढं थोडीच पानं. "बाकी असलं की मानूस येतं."

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं भिंतीला टेकून लोणचं घातलं. कैरी मी फोडली, मसाला तिनं कालवला. बरणीवर दडपण म्हणून तिसरा भाग ठेवला आणि मला बजावलं, मी येईस्तवर उचलू नका.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, आधी आणलं असतं तर कदाचित, कदाचित नाही, सांगता येत नाही. गावाला मात्र सांगता येत होतं.

तेरावा झाल्यावर मी तिन्ही भाग अंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी नेले. जाळायचेच होते. जाळ केला, पहिला भाग उघडला, पान फाडायला धरलं. मग वाटलं, माझ्या बायकोला कोणी नेलं त्याचं तोंड तरी बघावं. बोट ठेवून पहिली ओळ वाचली. मला वाचायला वेळ लागतो. जोडाक्षर आलं की थांबावं लागतं. पहिलं पान झालं, ते फाडलं नाही, कारण पान संपताना होडीला कोणीतरी खालून हात लावला होता, आणि तो कोणाचा ते मागच्या बाजूला होतं. ऊन चुलीवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा मी मान वर केली. जाळ विझला होता. पाणी गार. कुत्रा समोर बसून माझ्याकडं बघत होता. आणि क्षणभर मला कळेना की मी कुठं आहे.

मी इथं नव्हतोच. आत्ता आलो होतो.

बायको मेल्यावर माणसाला असा आनंद होतो हे सांगायची लाज वाटते. पण झाला. मग मी रोज वाचायला लागलो. होडी फुटते त्या पानाला माझी डाळ करपली, आणि रश्श्यात मीठ दोनदा का पडतं ते कळलं. जिथं ती मांडीवर थाप मारायची ती जागा मला सापडली. जिला शिव्या घालायची ती म्हातारीही सापडली, आणि मी तिच्यापेक्षा वाईट शिव्या घातल्या. दर थोड्या पानांनी एक पिरगळलेला कान. इथं ती थांबली होती, इथं चहा प्यायली, इथं दम लागला. ती पुढं चालली होती आणि मी मागून जात होतो.

तिसऱ्या भागात एका पानाशी मात्र मी अडलो. त्या दोराच्या रीतीचा अर्धा भाग बेबीनं मला सांगितला होता. उरलेला तिथं आहे. येते म्हणून गेलेली नावाडीण येऊ शकली नाही, तर दोर ताणलेलाच राहतो. ती धुक्यात मधोमध उभी राहते. इकडं येता येत नाही, पलीकडं जाता येत नाही. जो ये म्हणाला त्यानंच आपल्या हातानं गाठ सोडायची आणि म्हणायचं, जा. दुसऱ्या कोणाला ती गाठ सुटत नाही.

हे पान बेबीनं वाचलं होतं. पुढचे कान पिरगळलेले आहेत. म्हणजे दवाखान्यात गेली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. यावर मी फार डोकं शिणवलं. ऑपरेशनच्या दारापाशी ती जे बोलली ते खात्री होती म्हणून, की खात्री नव्हती आणि तरी मी दोर धरून बसावं असं तिला वाटलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता मी तिच्या शेवटच्या कानापाशी पोचलो आहे. तारी धुक्यात मधोमध आहे. तिची आई काठावर खांबाशी, हात दोरावर. पुढची पानं मी उघडलेली नाहीत. पावसाळा तसाच काढला. पुन्हा थंडी आली. आज सकाळी धुकं आंब्याच्या वर होतं आणि आमच्या ओट्याची खालची पायरी दिसत नव्हती.

मी उघडलीही नसती. पण काल बुधी आली. म्हणाली, दादा, तारीचं काय झालं ते सांग. नवस बोललेला हाय. ती आली असंल तर फेडायचा, नसंल तर देवाला तसं सांगायचं. असं लटकत ठेवून चालत नाय. मी म्हटलं, मला नाही माहीत. ती हळूच म्हणाली, "तारीसाठी बोलले मी. बेबीबायसाठी बोलायचं कोनालाच सुचलं नाय."

मी तिला म्हटलं, उद्या सकाळी बायकांना घेऊन ये. वाचून दाखवतो.

बेबी शेवटची दिसली ती अशी. ढकलगाडीवर आडवी, हिरवा झगा, केस टोपीत. बांगड्या काढून रुमालात बांधून माझ्याकडं दिलेल्या, त्यामुळं हात कोणा दुसरीचा असावा तसा दिसत होता. ऑपरेशनच्या दारापाशी गाडी जरा थांबली. बाजाराला जातानाही 'जाते' म्हणणारी बाई, मी जीव मुठीत धरून उभा होतो, आता काय म्हणते. तिनं माझ्याकडं बघितलं. पुस्तकातून वर आल्यावर हसायची तशी हसली, आणि म्हणाली, "येते."

मला इतकं बरं वाटलं. कोणीही म्हणेल तसा मी लगेच म्हणालो, "ये."

दार हलत राहिलं, मग थांबलं.

बुधी येताना दिसतेय. मागं वाडीच्या बायका, धुक्यात नुसती डोकी आणि टोपल्या. पुस्तक मांडीवर घेतलं आहे, पानाचा कान सरळ केला आहे. पुढं काय छापलंय मला माहीत नाही. पण तो शब्द आलाच तर अडू नये म्हणून पहाटेपासून घोकतोय. ज ला काना, जा. पहिलीत शिकलेलं अक्षर आहे, त्यात जोडाक्षरसुद्धा नाही. अजून तोंडातून निघालेलं नाही.